हृदयाच्या झडपेच्या ऊतीला पॉलिमरने आडबंध घालताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पेशी काढलेल्या झडपेला पॉलिमरचे क्रॉस-लिंकिंग (आडबंध घालणे) करूनही पाकळी कमजोर राहते किंवा पुठ्ठ्यासारखी कडक होते, ही तक्रार प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून सतत येते. दोष बहुतेक वेळा पॉलिमरमध्ये नसतोच. धुण्यात घाई झालेली असते, टप्प्यांचा क्रम उलटलेला असतो किंवा प्रमाण अंदाजाने घेतलेले असते. खालची पद्धत बोकडाच्या महाधमनी झडपेसाठी आहे. तिच्यात आधी ऊतीवर थायोल गट (गंधक-हायड्रोजनचे -SH गट) बसवायचे आणि मग चार हातांच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉल व्हिनाइल सल्फोनने (१० किलोडाल्टन, पुढे 'चौहाती पेग') ते एकमेकांना जोडायचे. हे प्रयोगशाळेतले काम आहे. यातून निघालेली झडप माणसात बसवण्यासाठी नाही.

लक्ष्यही आधी ठरवून घ्या. पेशी काढताना गेलेली ताकद परत आणायची आहे, मूळ झडपेपेक्षा जास्त ताकद आणायची नाही. पाकळी दिवसाला लाखभर वेळा मिटते आणि उघडते. जी नीट दुमडत नाही, ती ताणयंत्रावर कितीही भार पेलो, झडप म्हणून निकामीच.

कामाला हात घालण्यापूर्वी

सोलापुरात तीन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात.

पाणी: बोअरचे पाणी जड असते आणि नळाचे पाणीही या कामाचे नाही. सगळी द्रावणे डीआयोनाइज्ड किंवा दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यातच करा. पाण्यातले कॅल्शियम एसडीएसबरोबर (पेशी काढणारा डिटर्जंट) साका धरते आणि लोह-तांब्याचे अंश थायोल गट जाळतात (ऑक्सिडाइझ करतात).

तापमान: कृतीत 'खोलीचे तापमान' लिहिलेले असले की ते २५ अंश समजायचे. एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा ४२ च्या वरही जातो आणि एसी नसलेल्या प्रयोगशाळेत ३७-३८ अंश सहज होतात. तिथे ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) दगा देतो. त्याचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने बदलतो. ३८ अंशांना ८.० वर आणलेला ट्रिस ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ८.९ च्या पुढे जातो. म्हणून ज्या तापमानाला वापरायचा, त्याच तापमानाला पीएच लावा.

वीज: शेकर आणि इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या. रात्रभर शेकर बंद पडला तर धुण्याचा तो फेरा झालाच नाही असे धरून पुन्हा करा.

रसायनांपैकी ट्रॉट्स रिएजंट (ऊतीतल्या अमाइन गटांवर थायोल बसवणारे रसायन) आणि चौहाती पेग उणे २० अंशांत ठेवा. बाटली बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. अर्धा-पाऊण तास डेसिकेटरमध्ये ठेवून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ थंड भुकटीवर बसते. पावसाळ्यात या एका सवयीवर बाटलीचे आयुष्य ठरते.

गट आधीच पाडा: मूळ ऊती, फक्त पेशी काढलेली, फक्त थायोल बसवलेली, टोकांना क्रियाशील गट नसलेल्या साध्या चौहाती पेगमध्ये भिजवलेली आणि पूर्ण क्रॉस-लिंक केलेली. चौथा गट बहुतेक जण गाळतात. तो नसला तर ताकद बंधांमुळे वाढली की ऊतीत नुसता पेग भरल्यामुळे, हे सांगताच येत नाही. एका हृदयाच्या तिन्ही पाकळ्या एकाच गटात टाकू नका, वेगवेगळ्या गटांत वाटा. प्रत्येक गटात निदान सहा पाकळ्या हव्यात.

टप्पा १: हृदय मिळवणे आणि पाकळ्या काढणे

परवानाधारक कत्तलखान्यातून किंवा ओळखीच्या मटण दुकानातून पहाटे हृदय घ्या. दुकानदाराला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: दिल चिरायचे नाही आणि वरची जाड नळी दोन बोटे लांब ठेवायची. एरवी ती नळी मुळाशी कापली जाते आणि झडप तिथेच फाटते. जास्त मोठ्या पाकळ्या हव्या असतील तर म्हशीचे हृदय चालते. गोवंशाचे चालत नाही, महाराष्ट्रात २०१५ पासून त्यावर बंदी आहे. पावती जपून ठेवा आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवा.

हृदय थंड बफर सलाइनच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवून आणा. थेट बर्फावर ठेवू नका, फ्रीझरमध्ये तर नाहीच. बर्फाचे स्फटिक कोलॅजनच्या तंतूंमध्ये फटी पाडतात आणि पुढे ती कमजोरी तुम्ही पॉलिमरच्या नावावर लिहाल. दोन ते चार तासांत विच्छेदन सुरू व्हायला हवे.

महाधमनी उभी चिरून उघडा. तीन पाकळ्या आणि दोन कोरोनरी छिद्रे दिसली की जागा बरोबर आहे. ज्या पाकळीच्या वर छिद्र नाही ती नॉन-कोरोनरी. तिन्ही ओळखून नोंद करा, कारण त्या जाडीने सारख्या नसतात. पाकळी मुळाशी एक मिलिमीटर कड ठेवून कापा. चिमट्याने फक्त ती कडच धरा, मधला भाग चिमटला तर तिथूनच फाटेल.

सावधान: हातमोजे दुहेरी घाला आणि चष्मा लावा. शेळ्या-बोकडांकडून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. उरलेली ऊती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, महापालिकेच्या घंटागाडीत नाही.

टप्पा २: पेशी काढणे

१. हायपोटॉनिक बफर: १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.०, ०.१ टक्का ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारा), ॲप्रोटिनिन (प्रथिने तोडणारी एन्झाइम रोखणारा) मिलिलिटरला १० युनिट. ४ अंशांवर १२ ते १६ तास हळू हलवत ठेवा. ॲप्रोटिनिनऐवजी पीएमएसएफ घेत असाल तर तो पाण्यात फार टिकत नाही, ऐन वेळी घाला. तो विषारी आहे हेही विसरू नका.

२. एसडीएस: त्याच बफरमध्ये ०.१ टक्का, २५ अंशांवर २४ तास, मग नवे द्रावण घालून आणखी २४ तास. दर पाकळीला किमान २० मिलि. हा टप्पा फ्रिजमध्ये करू नका. थंडीत एसडीएसचे स्फटिक खाली बसतात आणि पाकळी नुसत्या बफरमध्ये पडून राहते. 'लवकर होईल' म्हणून एक टक्का एसडीएसही घेऊ नका. त्याने पेशी निघतात, पण पाकळीच्या मधल्या स्पॉन्जिओसा थरातले ग्लायकोसअमिनोग्लायकॅनही (पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करा-साखळ्या) वाहून जातात आणि पाकळी चपटी पडते.

३. धुणे: ट्रिस आणि सोडियम क्लोराइडच्या द्रावणात, २५ अंशांवर, ४८ तासांत किमान सहा वेळा पाणी बदला. इथे नेहमीचे पीबीएस (फॉस्फेट बफर सलाइन) वापरू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात विरघळत नाही. पांढरा गढूळपणा दिसला की तो साका ऊतीच्या आतही बसला आहे असे धरा.

४. न्यूक्लिएज (उरलेले डीएनए-आरएनए तोडणारी एन्झाइम): ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, त्यात डीएनएज आणि आरएनएज, ३७ अंशांवर ३ तास. डीएनएजला मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए तेच पकडून ठेवतो. आधीचा ईडीटीए किंवा एसडीएस उरला असेल तर महागडे एन्झाइम निव्वळ वाया जाते. क्रम बदलू नये तो यासाठी.

५. निर्जंतुकीकरण: ०.१ टक्का पेरासिटिक ॲसिड, २ तास, मग निर्जंतुक पीबीएसमध्ये चार-पाच धुण्या. हा टप्पा इथेच घ्या. पुढे थायोल बसवल्यावर घेतला तर पेरासिटिक ॲसिड सगळे थायोल जाळून टाकते. ऑटोक्लेव्हचा विचारही नको, कोलॅजन शिजून जिलेटिन होते. इथून पुढची सगळी द्रावणे ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेली आणि काम लॅमिनार फ्लोमध्ये.

तपासणी: कोरड्या ऊतीच्या दर मिलिग्रॅमला ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी दुहेरी डीएनए, २०० बेसपेअरपेक्षा लांब तुकडे नाहीत, डीएपीआय रंगात केंद्रके दिसत नाहीत. तिन्ही निकष पूर्ण व्हायला हवेत. एसडीएससाठी न्यूक्लिएजच्या आधीचे शेवटचे धुण्याचे पाणी परीक्षानळीत जोरात हलवून पाहा. फेस मिनिटभर टिकला तर आणखी धुवा. ही ढोबळ चाचणी झाली, अहवालात लिहायला मेथिलीन ब्लू आणि क्लोरोफॉर्मची चाचणी करा. एसडीएसचा अंश राहिला तर पुढे त्यावर टाकलेल्या पेशी मरतात आणि दोष विनाकारण पेगला लागतो.

टप्पा ३: हिशोब

हा टप्पा कागदावरचा आहे. चौहाती पेगचा खर्च मोठा, म्हणून इथे घाई करू नका.

एक पाकळी बळी द्या. ती ओली तोला, पूर्ण वाळवून पुन्हा तोला आणि त्या गुणोत्तरावरून बाकीच्या पाकळ्यांचे कोरडे वजन काढा. कामाच्या पाकळ्या वाळवू नका. कोलॅजनच्या दर ग्रॅमला मोकळे अमाइन साधारण ०.३ मिलिमोल धरा. १०० मिलिग्रॅम कोरड्या ऊतीत ते ०.०३ मिलिमोल होतात. ट्रॉट्स रिएजंट याच्या पाचपट घ्या: ०.१५ मिलिमोल, म्हणजे रेणुभार १३७.६ धरून सुमारे २१ मिलिग्रॅम.

पेगचे प्रमाण मात्र अमाइनवरून काढू नका. प्रत्यक्ष किती थायोल बसले ते मोजा आणि त्यावरून काढा. समजा मोजणीत दर ग्रॅमला ०.०६ मिलिमोल थायोल आले. १०० मिलिग्रॅम ऊतीत ते ०.००६ मिलिमोल. पेगच्या एका रेणूला चार हात, म्हणून पेग ०.००१५ मिलिमोल, म्हणजे १५ मिलिग्रॅम.

'थोडा जास्त घातला तर बंध जास्त पडतील' हा या कामातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. पेग फार झाला की प्रत्येक थायोलवर वेगळाच रेणू येऊन बसतो, एका हाताने लटकतो, आणि त्याच्या उरलेल्या तीन हातांना धरायला थायोल शिल्लकच राहत नाही. ऊतीवर पेग भरपूर, पूल एकही नाही. हात आणि थायोल एकास एक ठेवा. बदल करून पाहायचाच तर पहिल्या प्रयोगात दीडपटीच्या वर जाऊ नका.

टप्पा ४: थायोल बसवणे

१. पीबीएसमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए घाला, पीएच ८.० करा आणि २० मिनिटे नायट्रोजनचे बुडबुडे सोडा. ट्रिस इथे वापरू नका. त्यात स्वतःचेच अमाइन आहे आणि ऊतीआधी तेच रिएजंट खाते. टप्पा २ मधला ट्रिस पूर्ण धुतला गेलेला हवा तो याच कारणाने.

२. ट्रॉट्स रिएजंट तयार बफरमध्ये ऐन वेळी विरघळवा, मिलिलिटरला साधारण २ मिलिग्रॅम. पाकळ्या ४ अंशांवर एक तास भिजवा, म्हणजे ते आतपर्यंत पोचेल. मग २५ अंशांवर आणखी एक तास.

३. नायट्रोजन सोडलेल्या, ईडीटीए असलेल्या बफरमध्ये तीन धुण्या, प्रत्येकी १५ मिनिटे. हा बफर मात्र २० मिलिमोलर एमईएस, पीएच ६.० असा घ्या.

तपासणी: शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा थोडा भाग एलमन रिएजंट असलेल्या पीएच ८ च्या बफरमध्ये टाका. पिवळा रंग आला तर मोकळे थायोल अजून द्रावणात आहेत. ते पेगचे हात आधीच अडवतील. रंग येईनासा होईपर्यंत धुवा.

ऊतीवरचे थायोल मोजायला २ मिलिग्रॅम कोरड्या वजनाइतका तुकडा ३ मिलि एलमन द्रावणात तासभर हलवा आणि वरचे द्रावण ४१२ नॅनोमीटरवर वाचा. मोलर शोषण गुणांक १४,१५० धरा. दर ग्रॅमला ०.०६ मिलिमोल थायोल असतील तर शोषण ०.५७ च्या आसपास येईल. त्याच्या निम्म्याहून कमी आले तर पेग उघडूच नका, आधी बफरचा पीएच आणि रिएजंटचे वय तपासा.

सावधान: इथे काम थांबवून 'उरलेले उद्या' करू नका. हवेने थायोल एकमेकांशी जुळून डायसल्फाइड होतात आणि पीएच ८ ला ठेवले तर काही थायोल आतल्या आत वळून नाहीसे होतात. टप्पा ४ सकाळी सुरू करा, म्हणजे पेग त्याच दिवशी पडेल.

टप्पा ५: पेग आधी भिनवणे, मग जोडणे

पाकळ्या कडक होतात त्या बहुतेक इथे. पीएच ८ च्या पेगच्या द्रावणात पाकळी थेट टाकली की पृष्ठभागावर लगेच बंध पडायला लागतात, वर जाळी तयार होते आणि मागून येणारा पेग आत शिरतच नाही. बाहेर कडक साल, आत मोकळी ऊती. वाकवली की साल तडकते. उपाय म्हणजे आधी असा पीएच ठेवायचा की पेग आत जाईल पण जोडला जाणार नाही, आणि मग पीएच वाढवायचा.

१. १५ मिलिग्रॅम पेग १० मिलि एमईएस बफरमध्ये (पीएच ६.०, ईडीटीएसह, नायट्रोजन सोडलेला) विरघळवा. व्हिनाइल सल्फोन त्वचेला ॲलर्जी करतो, म्हणून हातमोजे घाला आणि भुकटी फ्यूम हूडमध्येच तोला.

२. पाकळ्या सपाट ठेवा. सहा खणांच्या प्लेटमध्ये नायलॉनच्या दोन जाळ्यांमध्ये त्या सैल बसतात. सेंट्रिफ्यूज नळीत कोंबलेली पाकळी ज्या घडीत असेल, त्याच घडीत कायमची बांधली जाते.

३. ४ अंशांवर ६ तास, हळू हलवत. या पीएचला थायोल बहुतांशी निष्क्रिय असतात.

४. आता द्रावण काढू नका. त्यातच १ मोलर हेपेस (पीएच ८.५) घालून पीएच ८.० वर आणा. १० मिलिला साधारण १ मिलि लागतो. नेमका आकडा आधी ऊती नसलेल्या वेगळ्या नळीत काढून ठेवा, म्हणजे इलेक्ट्रोड निर्जंतुक प्लेटमध्ये बुडवावा लागत नाही. नवे द्रावण ओतणारे बरेच असतात. तसे केले की सहा तासांत भिनलेला पेग पुन्हा बाहेर येतो. पीएच ९ च्या वर जाऊ देऊ नका, तिथे व्हिनाइल सल्फोन उरलेल्या अमाइनलाही धरू लागतो आणि हिशोब बिघडतो.

५. २५ अंशांवर १२ ते १६ तास, झाकून.

६. आरजीडीसारखा (पेशींना चिकटायला मदत करणारा), सिस्टीनचे टोक असलेला पेप्टाइड लावायचा असेल तर तो आता लावा. मग १० मिलिमोलर एल-सिस्टीन (१०० मिलिला १२१ मिलिग्रॅम), पीएच ८.०, २ तास, म्हणजे उरलेले हात बंद होतील. सिस्टीन आधी आणि पेप्टाइड नंतर असा उलट क्रम झाला तर पेप्टाइडला जागाच उरत नाही.

७. निर्जंतुक पीबीएसमध्ये २४ तासांत चार-पाच धुण्या.

टप्पा ६: बंध पडले की नाही

मोकळे अमाइन मोजणारी निनहायड्रिन चाचणी इथे फसवते. या पद्धतीत अमाइन थायोल बसवतानाच खर्ची पडतात, त्यामुळे निनहायड्रिनचा आकडा घसरला म्हणजे टप्पा ४ झाला इतकेच कळते. टप्पा ५ झाला का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पेगनंतर, पण सिस्टीनच्या आधी, एलमन चाचणी पुन्हा करा. थायोल बरेच घटलेले दिसले पाहिजेत. ते हवेनेही घटतात, म्हणून साध्या पेगच्या गटाशी तुलना करा.

स्वस्तातली चाचणी म्हणजे आकुंचन तापमान. पाकळीची पट्टी पीबीएसमध्ये लटकवून मिनिटाला एक-दोन अंशांनी तापवा आणि ती एकदम आखडते ते तापमान नोंदवा. मूळ कोलॅजन ६५ अंशांच्या आसपास आखडते. क्रॉस-लिंक केलेली पट्टी फक्त पेशी काढलेल्या पट्टीपेक्षा वर जायला हवी. पेगचे पूल लांब आणि लवचीक असल्याने ग्लुटराल्डिहाइडइतकी (ऊतीला क्रॉस-लिंक करणारे नेहमीचे रसायन) उडी अपेक्षू नका. जोडीला कोलॅजन पचवणाऱ्या कोलॅजिनेज एन्झाइममध्ये (५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असलेल्या ट्रिसमध्ये, ३७ अंशांवर २४ तास) वजन किती घटते ते पाहा.

टप्पा ७: ताण चाचणी

सोलापुरात ताणयंत्रांची वानवा नाही, चादरी-टॉवेलच्या धंद्यामुळे कापड तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतही यंत्र मिळते. अडचण लोड सेलची असते. कापडाची ५० मिमी रुंद पट्टी शेकडो न्यूटनला तुटते, म्हणून यंत्रावर ५ किलोन्यूटनचा सेल चढवलेला असतो. पाकळीची ४ मिमी पट्टी काही थोड्या न्यूटनला जाते. तो आकडा त्या सेलच्या गोंगाटात बुडतो. ५० किंवा १०० न्यूटनचा सेल आहे का, हे वेळ ठरवण्याआधीच विचारा.

पट्टीची दिशा लिहून ठेवा. चादरीचा ताणा आणि बाणा वेगवेगळ्या ताकदीचे असतात तसेच इथे आहे: पाकळीच्या मोकळ्या कडेला समांतर पट्टी बरीच ताठ, कडेपासून मुळाकडे जाणारी सैल. दिशा मिसळली की सरासरीला अर्थ उरत नाही.

पकडीत बारीक पॉलिश पेपर लावा, नाहीतर ओली पट्टी सटकते आणि आलेखावरची ती घसरण तुम्ही फाटणे समजाल. पकडीच्या तोंडाशी तुटलेले नमुने बाद करा. जाडी स्क्रू गेजने दाबून मोजू नका, सूक्ष्मदर्शकाखाली कडेने मोजा. नमुना सतत पीबीएसने ओला ठेवा. मे महिन्यात पंख्याखाली काही मिनिटांतच पट्टी वाळते आणि 'मजबूत' दिसू लागते. आधी दहा हलके फेरे ताणून सैल करा, मग मिनिटाला १० मिमी वेगाने तुटेपर्यंत ओढा.

आलेखात तुटण्याच्या ताणाइतकेच सुरुवातीच्या सपाट भागाकडे बघा. तिथे कुरळे कोलॅजन तंतू उलगडत असतात आणि पाकळीचे रोजचे काम त्याच भागात चालते. तुटण्याचा ताण वाढला पण हा सपाट भाग आखूड झाला, तर बंध फार पडले आहेत: ट्रॉट्स रिएजंट पाचपटीवरून तिपटीवर आणा, थायोल पुन्हा मोजा आणि पेगचा हिशोब नव्याने करा. ताण अजिबात वाढला नाही, आणि दुसऱ्या एलमन चाचणीत थायोल घटलेले होते, तर पेग एकेका हाताने लटकलेला आहे किंवा थायोल हवेने गेले आहेत. पेगचे प्रमाण आणि नायट्रोजन, दोन्ही तपासा. थायोल घटलेलेच नसतील तर पीएच ८.० पर्यंत पोचला नव्हता. पट्ट्यांमध्ये फरक फारच मोठा आला तर बहुधा काही पाकळ्या जाळीत दुमडलेल्या होत्या.

तयार पाकळ्या निर्जंतुक पीबीएसमध्ये, अँटिबायोटिकसह, ४ अंशांवर ठेवा. गोठवू नका. पेशी टाकण्यापूर्वी अँटिबायोटिक धुऊन काढा आणि आयएसओ १०९९३-५ नुसार अर्क काढून पेशींवर तपासा. पूर्ण झडप पल्स ड्युप्लिकेटरवर (हृदयाच्या ठोक्यांची नक्कल करणारे यंत्र) चढवायची असेल तर सुट्या पाकळ्यांवर बसवलेली प्रमाणे जशीच्या तशी लावू नका. महाधमनीची भिंत पाकळीपेक्षा कितीतरी जाड असते. भिनवण्याचा वेळ तिच्यासाठी वेगळा काढावा लागतो आणि कोरड्या वजनात भिंतीचाच वाटा मोठा असल्याने पेगचा हिशोब भिंत आणि पाकळी वेगवेगळी मोजूनच करावा लागतो.